जननांगांचा हर्पीस: लक्षणं कशी ओळखायची आणि कोणत्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक रात्री उशिरा येतात आणि निम्म्यांसोबत लॅबच्या रिपोर्टचा फोटो असतो. त्या फोटोंमुळेच इथली बरीचशी जागा रक्ततपासणीने खाल्ली आहे. घाई असेल तर प्रश्न ८ आधी वाचा. अंगावर फोड असताना बाकीचं सगळं नंतर वाचलं तरी चालतं.

१. हर्पीस म्हणजे नागीणच ना?

नाही. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. इंग्रजीत तिला ‘हर्पीस झोस्टर’ म्हणतात, म्हणून हा गोंधळ. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, पण वेगळे. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, दुखते खूप, आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. जननांगांचा हर्पीस त्याच भागात पुन्हा पुन्हा उठू शकतो. घोळ होतो तो नागीण नितंबावर किंवा जांघेजवळ उठली तर. तेव्हा नुसत्या नजरेला फरक कळेलच असं नाही आणि गोळ्यांची मात्रा मात्र वेगळी असते. (नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस दगावतो, ही समजूत दोन्ही आजारांत खोटीच.)

२. मग हा होतो कशाने?

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे. त्याचे दोन प्रकार आहेत: एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२. पहिला मुख्यतः ओठावर उठतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोड आला की आपल्याकडे ‘ताप बाहेर पडला’ म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच. दुसरा मुख्यतः जननांगांवर. पण ही वाटणी पक्की नाही, मुखमैथुनातून एचएसव्ही-१ जननांगांवरही जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांना एचएसव्ही-१ आहे आणि १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटींना एचएसव्ही-२. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नसतो.

३. पहिल्यांदा होतो तेव्हा नेमकं काय काय होतं?

संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत, सरासरी चौथ्या दिवसाच्या आसपास, त्या जागी आधी चुणचुण किंवा आग होते. मग लालसर त्वचेवर पाण्याने भरलेले बारीक फोड पुंजक्याने उठतात. ते एक-दोन दिवसांत फुटतात आणि उथळ, ओले, चांगलेच दुखणारे व्रण राहतात. कोरड्या त्वचेवर पुढे खपली धरते. आतल्या ओल्या भागात खपली न धरताच जखम भरते. लघवी व्रणाला लागली की डोळ्यांत पाणी येईल अशी आग होते. जांघेत अवधाण येतं, ताप, अंगदुखी, डोकेदुखी असते. औषधाविना हे सगळं निवळायला २ ते ४ आठवडे लागतात.

हे झालं ठळक चित्र. पहिला संसर्ग इतका गाजावाजा करून येतोच असं नाही.

लघवी अजिबात होईनाशी झाली, मान आखडून डोकं फार दुखू लागलं, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

४. मला फोड आलेच नाहीत. कातडीला बारीक चीर पडते, दोन दिवस झोंबतं आणि जातं. हा हर्पीस असेल का?

असू शकतो. पुस्तकातल्या फोटोसारखे फोड प्रत्येकाला येत नाहीत. कुणाला नुसती चीर पडते, कुणाला गुदद्वाराजवळ खरचटल्यासारखं होतं, कुणाला नितंबावर एकच पुळी येते आणि ती ‘गळू’ म्हणून खपून जाते. बायकांमध्ये हे दुखणं ‘पांढरं जातंय, इन्फेक्शन झालंय’ या नावाखाली वर्षानुवर्षं बुरशीच्या मलमावर निघतं.

खूण एकच लक्षात ठेवा: त्याच भागात पुन्हा पुन्हा होतंय का, आणि चार-आठ दिवसांत आपोआप भरून येतंय का? तसं असेल तर पुढच्या वेळी मलम न लावता, जखम ताजी असताना दाखवा.

५. काल रात्री संबंध आला आणि आज खाज सुटली आहे. झाला का?

एका रात्रीत हर्पीस उठत नाही. घर्षण, लॅटेक्सची ॲलर्जी, बुरशी किंवा निव्वळ धास्ती, यांतलं काहीतरी असेल. पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा, पण दर तासाला मोबाइलचा टॉर्च लावून बघू नका. सतत चोळून बघितल्यानेही त्वचा लाल होते.

६. हर्पीससारखं दिसणारं दुसरं काय काय असतं?

बरंच काही. इथे जरा थांबतो, कारण चुकीचं नाव लागलं तर चुकीचं औषध पोटात जातं.

*उपदंश, म्हणजे सिफिलिस.* सहसा एकच व्रण, कडक काठाचा आणि न दुखणारा. न दुखणारा म्हणून दुर्लक्षिला जाणारा. तो आपोआप भरतो आणि आजार आत पसरत राहतो. म्हणूनच जननांगावरचा कुठलाही व्रण दाखवायला गेलात की डॉक्टर व्हीडीआरएल किंवा आरपीआर (सिफिलिसच्या रक्ततपासण्या) आणि एचआयव्हीची तपासणी सांगतात. तो तुमच्या चारित्र्याचा पंचनामा नसतो; प्रत्येकाला सांगतात.

*औषधाची ॲलर्जी.* याबद्दल फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. जुलाबाची, अंगदुखीची किंवा एखादी प्रतिजैविकाची गोळी घेतली की दर वेळी नेमक्या त्याच जागी, बहुधा शिश्नाच्या टोकावर किंवा ओठावर, लाल-जांभळा चट्टा उठतो, कधी फोड येतो, आणि बरा झाल्यावर काळा डाग उरतो. ‘त्याच जागी पुन्हा’ ही हर्पीसची खूण इथेही जुळते, त्यामुळे लोक वर्षं वर्षं हर्पीस समजून घाबरत राहतात. दर वेळी आधीच्या दिवशी कोणती गोळी घेतली होती, ते आठवून लिहून ठेवा.

*खरूज:* रात्री वाढणारी खाज, घरात आणखी कुणाला तरी, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ. *केसतोड:* केसाच्या मुळाशी एकेकटी, पू धरणारी पुळी, बहुधा दाढीच्या ब्लेडने केस काढल्यानंतर. *शिश्नमुंडाच्या कडेने ओळीत बसलेले बारीक मोत्यासारखे दाणे:* हा आजारच नाही.

आणि ते तीन-चार औषधं एकत्र केलेलं, स्टिरॉइड असलेलं मलम, जे मेडिकलवाला न विचारता देतो, ते यातल्या कशावरही लावू नका. खाज थांबते, पण चित्र असं पुसून जातं की डॉक्टरलाही पत्ता लागत नाही.

७. एकदा बरा झाला तर परत का उठतो?

कारण विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंतून वर सरकत कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या चेतागाठींत जाऊन बसतो आणि मधूनमधून त्याच वाटेने खाली येतो. पुन्हा उठताना जोर कमी असतो: आदल्या दिवशी मुंग्या किंवा मांडीत चमक, मग थोडे फोड, आठवडा-दहा दिवसांत साफ.

कोणता प्रकार आहे यावर पुष्कळ ठरतं. जननांगांवर एचएसव्ही-२ असेल तर पहिल्या वर्षी चार-पाच वेळा उठणं नवलाचं नाही. एचएसव्ही-१ असेल तर एखाद्या वेळी उठतो किंवा उठतच नाही. म्हणून स्वॅबच्या (फोडातून काडीवर घेतलेल्या नमुन्याच्या) रिपोर्टमध्ये ‘प्रकार’ लिहून घ्या.

८. सगळ्यात खात्रीची तपासणी कोणती?

ताज्या फोडातून किंवा ओल्या व्रणाच्या तळातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर. विषाणूची जनुकीय खूण थेट सापडते, १ की २ तेही कळतं, आणि खोटा पॉझिटिव्ह क्वचितच येतो. फोड उठल्यापासून पहिल्या दोन दिवसांत स्वॅब घेतला तर उत्तम. डॉक्टर फोडाचं टोक उघडून तळाशी स्वॅब घासतात. दुखतं, पण वरवर फिरवलेला स्वॅब निगेटिव्ह आला तर त्याचा उपयोग नाही.

स्वॅब देईपर्यंत त्या जागी मलम, हळद, कोरफड, काही लावू नका. गोळ्या सुरू केल्या असतील तर तसं सांगा, कारण दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी स्वॅब निगेटिव्ह होऊ शकतो. उलट, त्रास जास्त असेल तर रिपोर्टची वाट बघत औषध लांबवूही नका. आधी स्वॅब, लगेच गोळी.

९. फोड सुकून गेले. आता स्वॅब देऊ का?

खपलीवरून पॉझिटिव्ह आला तर खरा. निगेटिव्ह आला तर काहीच सिद्ध होत नाही. साफ त्वचेवरून स्वॅब घेणं म्हणजे पैसे वाया. विषाणू रोज पृष्ठभागावर येत नाही, त्यामुळे त्या दिवशी न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. मधल्या काळात फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वेळी उठला की थेट दवाखाना.

१०. डॉक्टरांनी नुसतं बघून गोळ्या दिल्या, तपासणी केलीच नाही. चालतं का?

ताप, अवधाण आणि पुंजक्याने उठलेले फोड असं ठळक चित्र असेल तर उपचार सुरू करणं बरोबरच आहे. सरकारी दवाखान्यांतही लक्षणांवरूनच उपचार करायची पद्धत आहे (प्रश्न १९). पण ‘तुला हर्पीस आहे’ हा शिक्का आयुष्यभराचा असतो. तो निदान एकदा तरी पीसीआरने पक्का करून घ्यावा असं माझं मत.

काही ठिकाणी व्रण खरवडून काचपट्टीवर ‘झँक’ तपासणी करतात. स्वस्त, लगेच निकाल. पण ती हर्पीस आणि नागीण यांत फरक करू शकत नाही आणि बरेच खरे रुग्णही तिच्या हातून सुटतात.

११. रिपोर्टमध्ये ‘एचएसव्ही आयजीएम पॉझिटिव्ह’ आहे. म्हणजे नुकताच झाला?

नाही. असा अर्थ काढू नका, आणि कुणी काढून दिला तर मान्य करू नका. आयजीएम हे संसर्गानंतर रक्तात आधी बनणारं प्रतिपिंड. कावीळ किंवा डेंगीमध्ये आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, हे डोक्यात बसलेलं असतं. हर्पीसमध्ये ते लागू होत नाही. इथे आयजीएम जुन्या संसर्गात पुन्हा उठतानाही दिसतो, १ आणि २ यांत नीट फरक करत नाही, आणि काही नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतो. ही तपासणी करूच नये. केली असेल तर तो कागद बाजूला ठेवा.

१२. ‘एचएसव्ही १ व २ आयजीजी: पॉझिटिव्ह’ असा एकच आकडा आला आहे. आता?

आयजीजी हे मागाहून बनणारं आणि बहुधा टिकून राहणारं प्रतिपिंड. या कागदावरून इतकंच कळतं की दोनांपैकी कुठला तरी विषाणू कधीतरी शरीरात आला होता. बहुधा लहानपणी, मावशीने किंवा आजीने घेतलेल्या पापीतून आलेला एचएसव्ही-१. जननांगांबद्दल हा आकडा गप्प आहे.

रक्त तपासायचंच असेल तर लॅबला विचारा: ‘टाइप-स्पेसिफिक, ग्लायकोप्रोटीन जी वर आधारलेली आयजीजी आहे का? १ आणि २ चे आकडे वेगळे देता का?’ काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नाही तर लॅबच्या डॉक्टरांशी बोला. आणि आकडे वेगळे मिळाले तरी एचएसव्ही-१ पॉझिटिव्हवरून तो ओठाचा की खालचा, ते कळत नाही.

१३. एचएसव्ही-२ आयजीजी १.८ आला. लॅबच्या मते १.१ च्या वर पॉझिटिव्ह. मला कधीच काही झालेलं नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: अजून काहीही ठरलेलं नाही.

रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या प्रचलित एलायझा तपासण्यांत १.१ ते ३ च्या मधले आकडे मोठ्या प्रमाणात खोटे निघतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची, म्हणजे सीडीसीची, २०२१ ची मार्गदर्शिका सांगते की ३ च्या खालचा पॉझिटिव्ह दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीने पक्का केल्याशिवाय खरा धरू नये. त्यासाठी वेस्टर्न ब्लॉट मानदंड मानतात. ती वर्षानुवर्षं सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होत आली, आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये नव्हे. इथे व्यवहारी मार्ग असा: तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा तपासा आणि मधे काही उठलं तर स्वॅब.

असं का होतं, ते हिशेबाने बघा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. हजार लोक तपासले, त्यांत खरोखर २० जणांना संसर्ग आहे. तपासणीने १९ पकडले. उरलेल्या ९८० जणांत तपासणी शंभरात पाच वेळा चुकते असं धरा, म्हणजे ४९ खोटे पॉझिटिव्ह. एकूण ६८ जणांच्या हातात पॉझिटिव्ह कागद, त्यातले खरे १९. लक्षणं नसलेल्या माणसाच्या हातातला कागद बहुधा त्या ४९ मधला असतो.

१४. निगेटिव्ह आला. सुटलो का?

संबंधाला किती दिवस झाले? प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, कुणाला तीन महिनेही. तिसऱ्या आठवड्यातला निगेटिव्ह हा अर्धा निगेटिव्ह. १२ आठवड्यांनी एचएसव्ही-२ आयजीजी निगेटिव्ह असेल तर बराच भरवसा ठेवा. एचएसव्ही-१ च्या बाबतीत मात्र ही तपासणी दुबळी आहे, दहांतले सुमारे तीन जण तिच्या हातून सुटतात.

१५. लग्न ठरलं आहे. दोघांनी हर्पीसची तपासणी करून घ्यावी का?

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस: जरूर करा. हर्पीस: लक्षणं नसतील तर नको. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतीदलाने २०१६ मध्ये लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नये असं सांगितलं आणि २०२३ मध्ये तेच कायम ठेवलं. कारण प्रश्न १३ मधला हिशेब. ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये ती फुकट मिळत असेल तरी वगळायला सांगा. एका १.८ वरून लग्न मोडलं तर लॅब पैसे परत देत नाही.

जोडीदाराला हर्पीस असल्याचं पक्कं माहीत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एचएसव्ही-२ आयजीजी कामाची.

१६. दोनदा गर्भपात झाला. ‘टॉर्च’ तपासणीत (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) हर्पीस आयजीएम आला. त्यामुळेच झालं का?

तुमच्या दुःखाला हे कारण चिकटवू नका. टॉर्च पॅनेलमधल्या हर्पीस आयजीएमची किंमत प्रश्न ११ मध्ये सांगितली आहे, गरोदरपणातही ती बदलत नाही. वारंवार गर्भपाताची कारणं दुसरीकडे शोधायची असतात: गर्भाशयाची रचना, थायरॉइड, काही विशिष्ट प्रतिपिंडं, दोघांची गुणसूत्रं.

गरोदरपणात हर्पीसचा खरा धोका वेगळा आहे, तो बाळंतपणाच्या वेळी. शेवटच्या महिन्यांत आईला पहिल्यांदाच संसर्ग झाला तर बाळाला लागण्याची शक्यता ३० ते ५० टक्के. जुना असेल तर एका टक्क्याहून कमी. म्हणून जुना हर्पीस असेल तर डॉक्टरांना सांगा. बहुधा ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देतात, आणि कळा सुरू होताना व्रण किंवा चुणचुण असेल तर सिझेरियन. स्तनावर व्रण नसेल तर अंगावर पाजायला हरकत नाही.

१७. लग्नाला नऊ वर्षं झाली. मला आत्ता पहिल्यांदा उठला. मिस्टरांनी बाहेर काही केलं असेल का?

पहिल्यांदा *उठणं* आणि पहिल्यांदा *लागणं* या दोन गोष्टी आहेत. मधे वर्षं जाऊ शकतात. तुम्हाला तो लग्नाआधी लागलेला असेल, किंवा त्यांना त्यांच्या नकळत जुना असेल, किंवा ओठावरच्या साध्या फोडातून मुखमैथुनात आला असेल. हे पुरुषांनाही तितकंच लागू. ‘बायकोने आणला’ म्हणणारेही कमी नाहीत. कोण, कधी, कुठून हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. (एक छोटा अपवाद प्रश्न २० मध्ये.) टॉयलेटची सीट, टॉवेल, तलाव यांवर मात्र खापर फोडू नका, तिथून तो लागत नाही.

१८. फोड नसताना जोडीदाराला लागतो का? आणि रोज गोळी घेतली तर?

लागतो. पुष्कळांना असाच लागलेला असतो. निरोध धोका कमी करतो, शून्य नाही, कारण तो झाकत नाही तिथूनही विषाणू येतो. एचएसव्ही-२ असलेल्याने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोविर (विषाणू दाबणारी गोळी) घेतल्यास जोडीदाराला लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, असं २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. चुणचुण सुरू झाल्यापासून त्वचा पूर्ण भरेपर्यंत संबंध नको.

मुळापासून घालवणारं औषध नाही, मंजूर झालेली लसही नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग मुळापासून बरा’ लिहिणाऱ्यांसाठी १९५४ सालचा जाहिरातबंदीचा कायदा आहे. भिंती मात्र अजून रंगतातच.

१९. दाखवायचं कुठे? ओळखीच्या डॉक्टरकडे जायला लाज वाटते.

त्वचारोगतज्ज्ञाकडे. त्यांच्या एमडी पदवीतच त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तिन्ही विषय असतात. खर्चाची अडचण असेल तर मेडिकल कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातून चालणाऱ्या या दवाखान्यांत लक्षणांप्रमाणे रंगीत किट मोफत देतात. हर्पीसच्या व्रणासाठी लाल किट, त्यात ॲसायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन. पीसीआर सगळीकडे मिळेलच असं नाही. आधी विचारून घ्या, नाहीतर स्वॅब देण्याचे दोन दिवस चकरांत जातात.

२०. स्वॅबची पीसीआर पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२. त्याच दिवशीच्या रक्तात एचएसव्ही-२ आयजीजी निगेटिव्ह. कोणता रिपोर्ट चुकला?

बहुधा कोणताच नाही. विषाणू फोडात आहे, पण रक्ताने अजून त्याची दखल घेतलेली नाही. म्हणजे संसर्ग नवा आहे, गेल्या काही आठवड्यांतला. हीच ती एकमेव जोडी जिच्यावरून ‘कधी’चा थोडाफार अंदाज बांधता येतो. १२ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. आयजीजी पॉझिटिव्ह झाला तर अंदाज पक्का. झालाच नाही, तरी फोडातल्या पीसीआरचा शब्द वरचा. काही थोड्या लोकांत प्रतिपिंडं मोजण्याइतकी बनत नाहीत, किंवा बनून पुढे कमी होतात. आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी दिलेले नसतील, मधे महिना-दोन महिने गेले असतील, तर या जोडीवरून तारीख काढायला बसू नका.